विकत घेतले, पण आपले झाले का?

(शिक्षणसंस्था, पतसंस्था व सेवाकार्ये यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात ‘संगणकीय परवाने आणि आपली जबाबदारी’ या विषयावर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल, याची मला कल्पना आहे. परवाना, वर्गणी, अटी-शर्ती हे शब्द कानांवर पडले की आपण ‘ते संगणकवाल्या मुलाला विचारा’ असे म्हणून मोकळे होतो. परंतु येथे बसलेल्यांपैकी कोणी शाळा चालवतो, कोणी पतसंस्थेचे हिशेब पाहतो, कोणी वसतिगृहाचा कारभार सांभाळतो, तर कोणी दरवर्षी स्मरणिका काढतो. यांतले एकही काम आज संगणकाविना होत नाही. मग ज्या साधनावर संस्थेचा सारा कारभार उभा आहे, ते साधन आपण सचोटीने मिळवले आहे काय आणि सचोटीने मिळवले असेल तरी ते आपले आहे काय, हे दोन प्रश्न केवळ तंत्रज्ञांचे राहत नाहीत. पहिला प्रश्न नीतीचा आहे आणि दुसरा स्वातंत्र्याचा. मी तंत्रज्ञ नाही, कलाशाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार आहे. त्यामुळे या दोन प्रश्नांपुरतेच बोलणार आहे.

वस्तू की परवानगी?

आरंभी थोडा इतिहास पाहू. संगणकाच्या पहिल्या काळात आज्ञावलीला, म्हणजे ज्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतो त्याला, वेगळी किंमतच नव्हती. यंत्र घ्यावे, त्यासोबत आज्ञावली यावी, अशी रीत होती. १९६९ साली आयबीएम या बलाढ्य अमेरिकी कंपनीने यंत्र आणि आज्ञावली यांची किंमत वेगळी करण्याचे जाहीर केले आणि आज्ञावली हा स्वतंत्र व्यापाराचा माल झाला. पुढे १९७६ च्या फेब्रुवारीत अवघ्या वीस वर्षांच्या बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिले. आमचा ‘बेसिक’ तुम्ही वापरता, पण बहुतेकांनी तो विकत घेतलेला नाही, मग उद्या चांगली आज्ञावली लिहिणार कोण, असा त्या पत्राचा आशय होता. आज पन्नास वर्षे झाली, तरी वाद तोच आहे.

आपल्या देशात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकीय आज्ञावलीला स्वामित्वहक्क कायद्याचे संरक्षण मिळाले. ती ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत आली. कादंबरी आणि हिशेबाची आज्ञावली कायद्याच्या दृष्टीने एकाच पंगतीला बसल्या! १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३-ब आले. बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असूनही जो ती संगणकावर वापरील, त्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी त्यात तरतूद आहे. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायासाठी नसेल, तर विशेष कारणे नोंदवून न्यायालय कारावास माफ करू शकते, पण पन्नास हजारांपर्यंतचा दंड त्यालाही होऊ शकतो. ‘आमची तर सेवाभावी संस्था’ हे उत्तर कायद्यापुढे पूर्णपणे चालत नाही, हे ध्यानात घ्यावे. त्याच कायद्याने ग्राहकालाही काही दिले आहे. कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे, त्याला ती नष्ट वा खराब होण्याच्या भीतीपोटी एक राखीव प्रत काढून ठेवता येते. दंडाचे कलम सर्वांना ऐकून माहीत असते, हक्काचे कलम मात्र फारसे कोणी सांगत नाही.

‘सगळे टाकून देतो’

आता आपल्या सवयीकडे वळू. १९९० नंतरच्या दशकात घरोघरी आणि संस्थासंस्थांत संगणक आले, ते बहुधा जोडणी करून घेतलेले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणावेत, ओळखीच्या मुलाने ते जोडावेत आणि ‘साहेब, सगळे टाकून देतो’ असे म्हणावे. त्या ‘सगळे’मध्ये हजारो रुपयांच्या आज्ञावल्या असत आणि आपण त्याच्या हातावर चहापाण्याचे पैसे ठेवत असू. यात कोणाला काही वावगे वाटत नसे. मूळ आज्ञावलीची किंमत कारकुनाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी होती, हेही खरे. ‘बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्स’ या कंपन्यांच्या संघटनेच्या पाहणीनुसार २०१७ साली भारतातील ५६ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होते. ही पाहणी विक्रेत्यांचीच आहे, हे लक्षात घेऊन आकडा थोडा कमी धरला, तरी तो अभिमानाचा नाही.

यावर एक समर्थन नेहमी ऐकू येते. ‘परदेशी कंपन्या आपल्याला लुबाडतात, त्यांचे थोडे बुडाले तर काय बिघडले?’ बंधूंनो, हा युक्तिवाद दोन कारणांनी टिकत नाही. पहिले कारण साधे आहे. जे आपण मुलांना शाळेत शिकवतो, ते त्याच शाळेच्या कार्यालयात पाळले पाहिजे. प्रार्थनेत सत्याचा उच्चार करायचा आणि प्रवेशअर्ज चोरीच्या आज्ञावलीत टंकित करायचा, हे जुळत नाही.

दुसरे कारण असे की ही सवय घरचे आणि बाहेरचे असा भेद करत नाही. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करता करता धाकट्या भावाच्या, संजय यांच्या साथीने ‘क्विक हील’ उभे केले. विषाणुरोधक आज्ञावली आणि तीही मराठी तरुणांची! पण तिच्याही बनावट किल्ल्या शोधणारे आपल्यातच निघाले. बंगळुरूच्या गोएंका कुटुंबाची ‘टॅली’ दुकानदारांपासून सनदी लेखापालांपर्यंत सर्वांच्या हाती गेली, पण त्यांतील किती हातांनी तिचे मोल चुकते केले? मराठी अक्षराचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. पुण्याच्या ‘मॉड्युलर’ची श्रीलिपी असो की ‘सी-डॅक’ची ‘आयएसएम’, देवनागरीचे वळणदार अक्षर संगणकावर उतरवण्यासाठी माणसांनी वर्षानुवर्षे खपून काम केले. जोडाक्षर कुठे मोडेल, रफार कुठे बसेल, वेलांटी किती वळेल, याचा बारीक विचार त्यांनी केला. तो फाँट छापखान्याछापखान्यांतून फुकट फिरू लागला, तेव्हा निर्मात्यांना संगणकाच्या पाठीमागे लावायचे ‘हार्डवेअर लॉक’ द्यावे लागले. ते हरवले, तर पैसे भरलेला प्रामाणिक मुद्रकही अडून बसे. चोरी करणारा निसटतो आणि कुलपाचा जाच सज्जनाला होतो, हा या व्यवहाराचा नियमच होऊन बसला आहे.

कुलूप ते वर्गणी

येथून आपण दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. चोरी रोखण्याच्या नावाने कंपन्यांनी जे धोरण टप्प्याटप्प्याने बदलले, त्यात ग्राहकाची मालकी कशी विरघळत गेली, ते पाहण्यासारखे आहे.

२००१ साली मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज एक्सपी’ आणि ‘ऑफिस एक्सपी’सोबत ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ आणले. नुसता क्रमांक भरून भागेना, प्रत त्या विशिष्ट यंत्राशी बांधली जाऊ लागली. २००५ मध्ये प्रत अस्सल आहे की नाही हे दूरवरून तपासण्याची व्यवस्था आली. ऑगस्ट २००७ मध्ये या तपासणीच्या सर्व्हरवरच बिघाड झाला आणि हजारो प्रामाणिक ग्राहकांच्या पडद्यावर ‘तुमची प्रत अस्सल नाही’ अशी सूचना झळकली. चूक कंपनीची आणि चोर ठरला ग्राहक!

तरीही तोवर एकदा पैसे भरले की ती आवृत्ती आपल्यापाशी राहत होती. आपल्या मुंबईकरांना समजेल असा दृष्टान्त द्यायचा, तर ती पागडीची खोली होती. मालकी आपली नाही, पण सहसा कोणी बाहेर काढत नाही. २०१३ च्या मे महिन्यात ‘अ‍ॅडोबी’ने जाहीर केले की फोटोशॉप, इनडिझाइन इत्यादींच्या नव्या आवृत्त्या यापुढे केवळ वर्गणीवर मिळतील. २०१६ साली ‘ऑटोकॅड’ बनवणाऱ्या ‘ऑटोडेस्क’ने नव्या कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवली. पागडी संपली आणि भाडे सुरू झाले. भाडे थकले की कुलूप.

या वर्गणीलाही मर्यादा असतात आणि त्या वाचल्याविना सही करणे हा आपला राष्ट्रीय छंद आहे. कोणता परवाना यंत्राला जोडलेला असतो, कोणता व्यक्तीला, तर कोणता ‘एका वेळी इतकेच’ अशा हिशेबाचा असतो. ‘मायक्रोसॉफ्ट ३६५’ची कौटुंबिक वर्गणी सहा जणांपर्यंत चालते आणि प्रत्येकाला एका वेळी पाच उपकरणे वापरता येतात, पण ती कुटुंबासाठी आहे, सहा कारकुनांच्या कार्यालयासाठी नाही. अ‍ॅडोबीच्या वैयक्तिक वर्गणीत दोन संगणकांवर प्रवेश मिळतो, पण दोन्हींवर एकाच वेळी काम करण्याची मुभा नाही. ऑटोडेस्कने २०२० पासून अनेकांनी आळीपाळीने वापरायचे परवाने बंद करण्यास आरंभ केला आणि त्याऐवजी नाव नोंदवलेल्या एकेका व्यक्तीचे परवाने पुढे केले. पूर्वी लहानशा अभियांत्रिकी कार्यालयात सकाळी एकाने आणि दुपारी दुसऱ्याने एकाच परवान्यावर आराखडे काढावेत, अशी सोय होती. ती गेली. आणि हे केवळ कार्यालयांपुरते नाही. जुलै २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने भारतातही सांगितले की एक खाते एकाच घरासाठी. पुण्यात शिकणारा मुलगा आणि सांगलीतले आई-वडील हे आपल्या दृष्टीने एकच कुटुंब, पण कंपनीच्या दृष्टीने दोन घरे. कुटुंब कोणाला म्हणायचे, हेही आता परवान्याचा मसुदा ठरवणार!

कंपन्यांची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. वर्गणीमुळे आरंभी मोठी रक्कम लागत नाही, सुरक्षेच्या सुधारणा सतत मिळतात, चोरी अवघड होते आणि निर्मात्याला नियमित उत्पन्न मिळते. महिनाभराच्या कामासाठी महिनाभराचेच पैसे भरणे काहींना परवडतेही. हे सारे मान्य. प्रश्न आहे तो पैसे भरणे थांबवल्यावर हाती काय उरते, याचा.

किल्ली कोणाच्या हाती?

माझ्या व्यवसायातले उदाहरण घेतो. मराठी नियतकालिकांची एक संपूर्ण पिढी ‘पेजमेकर’वर जुळवली गेली. खिळे जुळवणारे हात थांबले आणि पेजमेकर आला. त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ सालची. पुढे इनडिझाइनच्या ‘सीएस ६’पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या जुन्या फाइली उघडू शकत. वर्गणीच्या पर्वातील आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. आता विचार करा. त्या काळातील दिवाळी अंक, संस्थांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, गावोगावचे ग्रामचरित्र, किती तरी मजकूर त्या फाइलींत पडून आहे. अक्षरे आपली, विचार आपले, पूर्वजांची नावे आपली, पण पेटीची किल्ली हरवलेली. त्यातही फाँट युनिकोडपूर्व असेल, तर फाइल उघडूनही पडद्यावर अर्थहीन रोमन चिन्हे दिसतात. हा आपल्या सांस्कृतिक स्मृतीचा प्रश्न आहे.

२००९ च्या जुलैमध्ये ‘अ‍ॅमेझॉन’ने अमेरिकेतील ग्राहकांच्या किंडल या वाचनयंत्रावरून विकत घेतलेली काही पुस्तके परस्पर काढून घेतली. विक्रेत्याला ती विकण्याचा हक्कच नव्हता, म्हणून पैसे परत केले गेले. त्यांतले एक पुस्तक जॉर्ज ऑर्वेल यांचे ‘१९८४’ होते. सत्ताधीश लोकांची स्मृती कशी पुसतात, हे सांगणारे पुस्तकच लोकांच्या हातांतून पुसले गेले! पुस्तकाच्या दुकानदाराने रात्री घरात शिरून कपाटातले पुस्तक न्यावे आणि उशाशी पैसे ठेवावेत, तसा हा प्रकार. अखेर २०२४ साली कॅलिफोर्निया राज्याला कायदा करावा लागला. ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल, तर ‘खरेदी करा’ असे म्हणताना ते स्पष्ट सांगा, असे तो कायदा सांगतो आणि जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला आहे. २०२४ मध्येच अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या तक्रारीवरून, वर्गणी मध्येच सोडणाऱ्याला लागणारे शुल्क दडवल्याच्या आरोपावरून अ‍ॅडोबीविरुद्ध खटला दाखल झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने मायक्रोसॉफ्टला न्यायालयात खेचले. दर वाढवताना जुन्या, स्वस्त वर्गणीचा पर्याय सुमारे २७ लाख ग्राहकांपासून लपवला, असा त्यांचा आरोप आहे. म्हणजे ही तक्रार केवळ तंत्रज्ञानाला बिचकणाऱ्यांची नाही, प्रगत देशांचे नियामक ती करीत आहेत.

याहून गंभीर बाजू राष्ट्राच्या पातळीवरची आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकी सरकारच्या निर्बंधांमुळे व्हेनेझुएलातील सर्व ग्राहकांची खाती बंद करण्याचे अ‍ॅडोबीने जाहीर केले. पुढे अमेरिकी सरकारची परवानगी मिळाल्यावर तो निर्णय मागे घेतला गेला, पण तोवर तेथील चित्रकार, छायाचित्रकार, मुद्रक यांचा जीव टांगणीला लागला. ‘ते व्हेनेझुएला, आपण भारत’ असे म्हणावे, तर जुलै २०२५ आठवा. गुजरातेत वाडीनार येथे ‘नायरा एनर्जी’चा वर्षाला दोन कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. रशियाच्या ‘रोसनेफ्ट’चा त्यात सुमारे ४९ टक्के वाटा असल्याने युरोपीय महासंघाने १८ जुलै रोजी त्याला निर्बंधांच्या यादीत घातले. लगोलग मायक्रोसॉफ्टने या कंपनीची ई-पत्रे आणि इतर सेवा थांबवल्या. भारतीय कायद्याने चालणारी कंपनी, पैसे भरलेले परवाने, तरीही स्वतःचीच पत्रे वाचता येईनात. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांतच सेवा पूर्ववत झाल्या. प्रसंग निभावला. पण ब्रुसेल्समधील एका निर्णयाने सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील कार्यालय मुके होऊ शकते, हे साऱ्या देशाने पाहिले.

असा नकार आपल्याला नवा नाही. १९८० च्या दशकात आपल्याला हवा असलेला क्रे महासंगणक अमेरिकेने नाकारला. त्यावर आपण रडत बसलो नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभे राहिले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ साकार झाला. नकाराला चोरी हे उत्तर नसते, निर्मिती हे असते.

आपण काय करावे?

मग आपल्यासारख्या संस्थांनी करायचे काय? मी चार कामे सुचवतो. ती उद्या सकाळी सुरू करता येतील.

पहिले काम नोंदवहीचे. कपाटे, बाके, सतरंज्या यांची जडवस्तू नोंदवही प्रत्येक संस्थेत असते. तशीच एक संगणकीय परवान्यांची ठेवा. कोणत्या यंत्रावर काय आहे, पावती कोठे आहे, मर्यादा किती यंत्रांची वा व्यक्तींची आहे, मुदत कधी संपते आणि मुख्य म्हणजे खाते कोणाच्या नावाने आहे, हे त्यात लिहा. स्वयंसेवकाच्या वैयक्तिक ई-पत्त्यावर संस्थेचे खाते असेल, तर त्याची बदली झाली की संस्थेचा कारभार त्याच्यासोबत परगावी जातो.

दुसरे काम सफाईचे. चोरीचे आहे ते काढून टाका. जे खरोखर लागते, ते विकत घ्या. पुष्कळदा असे आढळते की पाच यंत्रांवर ठेवलेली महागडी आज्ञावली प्रत्यक्षात एकच जण वापरतो. चोरून घेतलेल्या वस्तूची गरज कोणी मोजत नाही, पैसे देऊन घेताना मात्र ती मोजली जाते. शिवाय ‘क्रॅक’च्या वाटेने विषाणू आणि हेरगिरी घरात शिरतात. पतसंस्थेच्या ठेवीदारांची माहिती अशा यंत्रावर ठेवणे हा विश्वासघात होईल.

तिसरे काम पर्याय स्वीकारण्याचे. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ आरंभली. वापरा, अभ्यासा, बदला, वाटा, ही तिची चतुःसूत्री. येथे प्रत काढून देणे हा गुन्हा नाही, तो हक्क आहे. ज्ञान दिल्याने वाढते, ही आपली जुनी श्रद्धा या व्यवहारात प्रत्यक्ष उतरलेली दिसते. पत्रव्यवहार आणि हिशेबाचे तक्ते यांसाठी ‘लिब्रे ऑफिस’, चित्रांसाठी ‘गिम्प’ आणि ‘इंकस्केप’, पानांच्या मांडणीसाठी ‘स्क्रायबस’, यंत्रासाठी लिनक्स आणि सी-डॅकने घडवलेली त्याची ‘बॉस’ ही भारतीय आवृत्ती हे सारे उपलब्ध आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देखणे देवनागरी फाँट मुक्त परवान्याने मिळतात. केरळातील शासकीय शाळा कित्येक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवीत आहेत. तेथील राजकारणाचा रंग कोणताही असो, चांगले ते उचलण्यात कमीपणा नाही. केंद्र सरकारनेही २०१५ साली शासकीय कामात मुक्तस्रोत आज्ञावलीला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. मात्र एक सांगतो. हे काम कोणी तरी रात्री जागून करतो. जे पैसे वाचतील, त्यातील काही भाग त्या प्रकल्पांना देणगी म्हणून द्या. फुकट मिळते म्हणून घेणे आणि कृतज्ञतेने घेणे यांत अंतर आहे.

चौथे काम जतनाचे. आपला मजकूर खुल्या स्वरूपात आणि युनिकोडमध्ये ठेवा. प्रत्येक अंकाची पीडीएफ काढा, मूळ मजकूर वेगळा साठवा, एक प्रत संस्थेबाहेर सुरक्षित ठेवा. जुन्या पेजमेकरच्या फाइली ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी त्या उघडणारे यंत्र आणि त्या उघडणारा माणूस आहे तोवर हे काम उरकावे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सुटीत देण्याजोगे हे उत्तम काम आहे.

स्वदेशीच्या बाबतीतही डोळस राहू या. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही केंद्रीय मंत्र्यांनी ‘झोहो’ या भारतीय कंपनीच्या सेवा स्वीकारल्याचे जाहीर केले. स्वागतार्ह आहे. कंपनी आपल्या देशाच्या कायद्याखाली असली, तर न्याय मागायला ब्रुसेल्स वा वॉशिंग्टन गाठावे लागत नाही. पण वर्गणी स्वदेशी असली तरी वर्गणीच असते. पैसे थांबले तर माझा मजकूर मला परत मिळेल काय, तो दुसरीकडे नेता येईल काय, दर कोण ठरवणार, हे प्रश्न भारतीय कंपनीलाही तितक्याच स्पष्टपणे विचारले पाहिजेत. आपल्या माणसाला प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे, व्यवहार चोख ठेवणे होय.

बंधु-भगिनींनो, चोरी करणारा समाज मालकी मागू शकत नाही. ज्याची पावती स्वच्छ, त्याचाच आवाज मोठा. आपण आधी स्वच्छ होऊ आणि मग ताठ मानेने म्हणू, की आम्ही पूर्ण मोल दिले आहे, तर आमच्या अक्षरांची किल्ली आमच्याच हाती असली पाहिजे. पुढील वार्षिक सभेत अहवाल आणि ताळेबंद यांच्यासोबत परवान्यांची ही नोंदवहीही सभासदांपुढे ठेवा, एवढीच विनंती करून मी थांबतो.